मान्यता कुणाला, संस्थेला की ट्रेडला?

हिमायतनगरसारख्या गावात दहावीनंतर पोराला एसी-फ्रीजचं काम शिकवायचं म्हटलं, की ‘सरकारमान्य’ हा शब्द वाचूनच आपण फी भरून मोकळे होतो. पण मान्य काय आहे? आयटीआयला संलग्नता मिळते ती ट्रेडनिहाय, तुकडीनिहाय. वायरमन मान्य, म्हणून रेफ्रिजरेशनही मान्य असं नाही. पूर्णाचा गुण अंशाला चिकटवायचा, ही तर्कशास्त्रातली जुनीच चूक! तेव्हा नेमकं विचारावं: दोन वर्षांनी याच ट्रेडचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळेल का? मग कार्यशाळाही पाहून यावी. आर-३२ वायू पेट घेऊ शकतो. तो काढून, नायट्रोजन फिरवून मगच ब्रेझिंग करायचं, हे पोरगं तिथं स्वतःच्या हातानं करणार, की नुसतं फळ्यावर बघणार?