लोहकल्प आणि डॉक्सीसायक्लिन : केवळ काळाचे अंतर पुरेसे आहे काय?

कन्हानकाठच्या मौदा परिसरात धानाची रोवणी आटोपून बांधावरचे गवत वाढले, की ज्वराच्या रुग्णाकडे चिकित्सकाने अधिक सावधपणे पाहावे. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर विभागात स्क्रब टायफसचा उद्रेक झाला व त्यात रुग्ण दगावले. गवत-झुडपांतील चिगर माइटच्या अळीच्या दंशाने हा रोग होतो. दंशस्थानी काळी खपली आढळल्यास निदान सुलभ होते. परंतु ती प्रत्येक रुग्णात दिसतेच असे नाही. डॉक्सीसायक्लिन हे यावरील प्रमुख औषध होय. प्रौढांस सामान्यतः १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

यांतील काही रुग्ण पांडुरोगासाठी आपल्याकडून नवायस लोह वा पुनर्नवा मंडूर, आम्लपित्तासाठी शंखभस्म घेत असतात. रुग्णालयात ते हे सांगत नाहीत. वैद्यांची पुडी त्यांच्या लेखी ‘औषधा’त मोडत नाही! लोह, तसेच शंख-प्रवाळातील कॅल्शियम आतड्यात डॉक्सीसायक्लिनशी संयोग पावून त्याचे शोषण घटवते.

‘दोन-तीन तासांचे अंतर ठेवा’ असे आपण सर्रास सांगतो. कॅल्शियमबाबत ते बऱ्याच अंशी चालते, लोहाबाबत नाही. शोषले गेलेले डॉक्सीसायक्लिन पित्तावाटे पुन्हा आतड्यात येते व परत शोषले जाते. तेथे लोह असल्यास हे पुनःशोषण अडते. म्हणूनच शिरेवाटे दिलेल्या डॉक्सीसायक्लिनची रक्तातील पातळीही तोंडाने घेतलेल्या लोहामुळे लवकर उतरते.

हे निरीक्षण लोहाच्या क्षारांचे आहे, भस्म तर ऑक्साइडरूप, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु पांडुरोगात लोहभस्म शोषले जाऊन गुण देते हे आपणच मानतो. मग येथे ते निष्क्रिय राहते असे कसे म्हणावे?

प्रस्तुत लेखकाच्या मते डॉक्सीसायक्लिन चालू असेतो लोहकल्प पूर्णपणे थांबवावेत. पांडुरोगाची चिकित्सा आठवडाभर लांबल्याने सहसा बिघडत नाही. स्क्रब टायफसमध्ये मात्र औषध कमी पडल्यास प्राणावर बेतू शकते. थायरॉक्सिनचे तसे नाही. ते आयुष्यभर घ्यावयाचे असल्याने तेथे चार तासांचे अंतर राखणे हाच मार्ग.

पुडीवर कल्पाचे नाव स्पष्ट लिहावे आणि त्याखाली ‘ताप आल्यास बंद करून ही पुडी डॉक्टरांस दाखवावी’ एवढी एक ओळ जोडावी.