बॅकअप आहे, पण संगणक उभा राहत नाही!

हार्ड डिस्क निकामी झाली की संगणकाच्या मालकाला पहिला धीर एकाच गोष्टीचा असतो : बॅकअप घेतलेला आहे. कचेरीचे हिशेब, छापखान्यातील मजकुराच्या फाइल्स, घरातील दहा वर्षांची छायाचित्रे, सारे बाहेरच्या डिस्कवर सुखरूप आहे. नवी डिस्क बसविली की तास-दोन तासांत संगणक पूर्ववत होईल, असा हिशेब असतो. प्रत्यक्षात 'सिस्टिम इमेज सापडली नाही' किंवा 'योग्य डिस्क उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश पडद्यावर झळकतो आणि तो धीर सुटतो. अशा घटकेला घाईने केलेली एखादी कृती उरलासुरला डेटाही घालवू शकते. वास्तविक हे अडथळे ठराविक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा संबंध बॅकअप बिघडण्याशी नसतो.

फाइल्सची नक्कल आणि 'सिस्टिम इमेज' यांत फरक आहे. इमेज म्हणजे विंडोज, त्यातील सॉफ्टवेअर, सेटिंग्ज आणि फाइल्स यांसह संपूर्ण डिस्कचा घेतलेला ठसा. तो जसाच्या तसा दुसऱ्या डिस्कवर उमटविताना जुन्या डिस्कची मांडणीही सोबत येते आणि ती नव्या यंत्राला मानवली नाही की गाडी अडते.

काहीही करण्यापूर्वी बॅकअपची डिस्क दुसऱ्या चालू संगणकाला जोडून तिची आणखी एक प्रत काढावी. एकमेव प्रतीवर प्रयोग करणे हा जुगार आहे. दुसरी दक्षता त्याहून महत्त्वाची. संगणकात एकाहून अधिक डिस्क असतील, तर रिस्टोअर करताना 'फॉरमॅट अँड रिपार्टिशन डिस्क्स' या पर्यायामुळे डेटा असलेली दुसरी डिस्कही पुसली जाण्याचा धोका असतो. तिला वगळण्याची सोय तेथेच आहे. पण तिची केबल काढून ठेवणे अधिक निर्धास्त.

इमेज सापडतच नसेल, तर पुष्कळदा कारण क्षुल्लक असते. विंडोजची इमेज 'विंडोजइमेजबॅकअप' या नावाच्या फोल्डरमध्ये तयार होते. हे फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर आणि मूळ नावानेच असावे लागते. टापटिपीची आवड असलेले लोक ते 'जुना बॅकअप' अशा दुसऱ्या फोल्डरमध्ये सरकवितात किंवा त्याला तारखेचे नाव देतात. मग रिस्टोअर करणाऱ्या प्रोग्रामला ते दिसत नाही. मूळ जागी, मूळ नावाने ठेवले की दिसू लागते. विंडोज ७ ची जुनी रिकव्हरी सीडी वापरणाऱ्यांची अडचण वेगळी. तिच्यात यूएसबी ३ चे ड्रायव्हर नसल्याने बाहेरची डिस्क ओळखलीच जात नाही. अशा वेळी जुन्या, यूएसबी २ च्या खाचेत डिस्क लावून पाहावी.

याउलट, बॅकअप दिसतो पण संगणकातील नवी डिस्कच दिसत नाही, असेही होते. इंटेल प्रोसेसर असलेल्या अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क 'व्हीएमडी' नावाच्या नियंत्रकामागे असते. त्याचा ड्रायव्हर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणून दाखवावा. बायोसमधील ही व्यवस्था बंद करूनही डिस्क दिसू लागते. मात्र ती बदलल्यावर पूर्ववत झालेले विंडोज निळ्या पडद्यावर अडकू शकते. तसे झाल्यास ती पुन्हा मूळ स्थितीत आणावी.

सर्वांत गोंधळात टाकणारा संदेश असतो तो इमेज 'बायोस'ची आणि संगणक 'ईएफआय'चा, किंवा उलट, असल्याचा. संगणक सुरू करण्याच्या या जुन्या व नव्या पद्धती आहेत. गंमत अशी, की यंत्र तेच असूनही हा संदेश येतो. रिकव्हरीचा पेन ड्राइव्ह सुरुवातीच्या यादीत बऱ्याच यंत्रांवर दोनदा दिसतो : एकदा नुसत्या नावाने, एकदा 'यूईएफआय' या शब्दासह. घाईत चुकीची ओळ निवडली जाते. दुसऱ्या ओळीने सुरुवात केली, की अनेकदा प्रश्न तेथेच मिटतो.

डिस्कच्या आकाराचे दुखणे मात्र खऱ्या अर्थाने खर्चाचे. जुनी डिस्क एक टेराबाइटची, तीत भरलेला डेटा अवघा शंभर गिगाबाइट, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून वेगवान पण २५६ गिगाबाइटची एसएसडी आणली, तर विंडोजचे हे साधन ती नाकारते. डेटा किती आहे हे ते पाहत नाही. मूळ डिस्क केवढी होती, हे पाहते. ५०० गिगाबाइटच्या जागी ४८० गिगाबाइटची घेतली तरी तोच अनुभव येतो. म्हणून नवी डिस्क जुनीएवढी किंवा तिच्याहून मोठीच घ्यावी.

ते शक्य नसले, तरी डेटा गेलेला नसतो. इमेजच्या फोल्डरमध्ये 'व्हीएचडी' किंवा 'व्हीएचडीएक्स' प्रकारच्या मोठ्या फाइल्स असतात. चालू संगणकाच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधून त्या जोडल्या, की साध्या ड्राइव्हसारख्या उघडतात आणि आतील कागदपत्रे उचलून घेता येतात. विंडोज नव्याने टाकून कागदपत्रे परत ठेवणे हा मार्ग कंटाळवाणा, पण खात्रीचा. ही एक गोष्ट माहीत नसल्याने चांगले बॅकअप 'खराब' ठरवून पुसले जातात.

रिस्टोअर पूर्ण झाले, तरी विंडोज सुरू न होण्याची शक्यता उरते. बूटच्या क्रमात नवी डिस्क पहिली आहे ना, हे आधी पाहावे. त्यानंतर रिकव्हरीतील 'स्टार्टअप रिपेअर', आणि त्यानेही न भागल्यास 'बीसीडीबूट' ही आज्ञा. जुनी डिस्क किंवा बॅकअपची डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर ४८ अंकी किल्लीवाचून ती उघडत नाही. ती किल्ली त्याच संगणकात जपून ठेवलेली असणे हा प्रकार विनोदी वाटला, तरी दुर्मिळ नाही. कागदावर उतरवून ती कपाटात ठेवावी.

बॅकअपवरचा आंधळा विश्वास केवळ घरगुती वापरकर्त्यांनाच भोवतो असे नाही. प्रोग्रॅमर मंडळींत सर्वपरिचित असलेल्या 'गिटलॅब' या सेवेचा मुख्य डेटाबेस ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याच्या हातून चुकून पुसला गेला. सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट उरले. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदोपत्री होत्या. त्यांपैकी नियमित बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुळत नसलेल्या आवृत्तीमुळे बंद पडत होता आणि तसे कळविणारे ईमेलही नाकारले जात होते. कोणाला पत्ताच नव्हता! सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी एका अभियंत्याने काढून ठेवलेली प्रत अखेर उपयोगी पडली. मधल्या तासांतील डेटा कायमचा गेला. कंपनीने हे सारे लपविले नाही, सविस्तर जाहीर केले, ही तिची जमेची बाजू.

घरी किंवा लहान कचेरीत रंगीत तालीम करायची, तर चालू डिस्क काढून बाजूला ठेवावी, तिच्याएवढी दुसरी डिस्क बसवावी आणि बॅकअप तिच्यावर रिस्टोअर करून पाहावा. सुट्टीच्या दिवशीची दुपार त्यासाठी पुरते. विंडोज सुरू झाले, हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडले, जुन्या मराठी फॉन्टमधील मजकूर नीट दिसला, प्रिंटर चालला, म्हणजे बॅकअप खरा. विंडोजमधील इमेजचे साधन मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच विकास थांबविलेल्या सुविधांच्या यादीत टाकले आणि अन्य कंपन्यांची साधने वापरण्याचा सल्ला दिला. तरीही विंडोज ११ च्या कंट्रोल पॅनेलमध्ये ते 'विंडोज ७' असे कंसात लिहिलेल्या नावाने आढळते. त्याऐवजी 'क्लोनझिला'सारखे मोफत साधन घेतले, तरी तालीम त्याचीही करावीच लागते. आणि मुळात डिस्कच्या आकाराची अट तेथेही आहे.