डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांची रोगप्रतिकारशक्ति

मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे आमच्या कोंकण किनाऱ्यावर सर्दी-खोकला घरोघर ठाण देऊन बसतो. हरिहरेश्वर, बागमांडलें, श्रीवर्धन या भागांत ओलसर हवा, दिवसेंदिवस न वाळणारे कपडे आणि कोंडलेला चुलीचा धूर यांचें त्यास साहाय्यच होतें. बहुतेक मुलें चार-सहा दिवसांत बरीं होऊन पुन्हा खेळूं लागतात. परंतु एखाद्या घरीं असें मूल असतें कीं, त्याची सर्दी छातींत उतरते, कान वाहूं लागतो, आणि एक दुखणें सरतें न सरतें तोंच दुसरें उभें राहतें. अशा मुलांपैकीं कांहींची अवस्था जन्मजात असते. तिला डाउन सिंड्रोम म्हणतात. या मुलांचें शरीर रोगाशीं निराळ्या रीतीनें कां झगडतें, हें विद्यार्थ्यांनीं समजून घ्यावें व पालकांनीं वेळींच सावध व्हावें, या हेतूनें हे चार शब्द लिहिले आहेत.

प्रथम या अवस्थेचें स्वरूप पाहूं. इंग्लंडांतील डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांनीं १८६६ सालीं तिचें वर्णन केलें, म्हणून तिला त्यांचें नांव मिळालें. तिचें कारण कळावयास मात्र आणखी ९३ वर्षें जावीं लागलीं. १९५९ सालीं फ्रान्समधील जेरोम लेज्यून व त्यांचे सहकारी यांनीं तें प्रसिद्ध केलें. मनुष्याच्या पेशींत सामान्यतः ४६ गुणसूत्रें, म्हणजे २३ जोड्या असतात. या बालकांत २१ व्या गुणसूत्राची बहुधा एक प्रत अधिक असते, व एकूण संख्या ४७ होते. सुमारें हजार जन्मांत एक बालक असें जन्मास येतें. मातेचें वय वाढतें तसा हा संभव वाढतो. तरी तरुण मातांच्या पोटींही अशीं मुलें जन्मतात. गर्भारपणीं ग्रहण पाहिल्यानें, कोणाची दृष्ट लागल्यानें किंवा पूर्वजन्मींच्या पापानें असें घडतें, ही समजूत सर्वथा निराधार आहे. यांत आईचा कांहीं एक दोष नाहीं. तसेंच हा स्पर्शजन्य रोगही नव्हे. शेजारीं बसल्यानें किंवा एकत्र जेवल्यानें तो कोणास लागत नाहीं.

आतां प्रतिकारशक्तीकडे वळूं. आपलें शरीर हें एक बंदर आहे अशी कल्पना करा. बंदरांत येणाऱ्या प्रत्येक गलबताची चौकशी व्हावी, चोरट्यास अडवावें, आणि गांवच्या माणसास मात्र त्रास होऊं नये, हें पहारेकऱ्यांचें काम होय. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांत या व्यवस्थेंत तीन ठिकाणीं फरक पडतो.

पहिला फरक प्रवेशद्वाराशींच आहे. या मुलांचे नाकाचे व कानाचे मार्ग अरुंद असतात आणि स्नायु शिथिल असतात. त्यामुळें कफ नीट बाहेर पडत नाहीं व कानांत पाणी सांचून राहतें. शिवाय सुमारें निम्म्या बालकांच्या हृदयांत जन्मतः कांहीं दोष असतो. अशा स्थितींत साध्या सर्दीचा न्यूमोनिया होण्यास वेळ लागत नाहीं.

दुसरा फरक पहारेकऱ्यांच्या शिक्षणांत आहे. छातीच्या हाडामागें, हृदयाच्या वरच्या अंगास थायमस नांवाची एक ग्रंथि असते. ही जणूं टी-पेशी नांवाच्या पांढऱ्या पेशींची शाळाच होय. परक्यास ओळखणें आणि आपल्या माणसावर हात न उगारणें, हे दोन धडे त्या तेथें शिकतात. या बालकांत ही ग्रंथि बहुधा लहान असते व तींतून नव्यानें शिकून निघणाऱ्या टी-पेशी थोड्या असतात. प्रतिपिंडें तयार करणाऱ्या बी-पेशींचीही संख्या कमी असते. म्हणून लस टोंचल्यावर कांहीं मुलांत प्रतिपिंडें कमी प्रमाणांत निर्माण होतात. यावरून लस व्यर्थ आहे असें कोणी अनुमान काढील, तर तें अगदीं उलटें होईल. ज्याच्या घराची भिंत कच्ची, त्यानें ती अधिक काळजीनें लिंपावी हेंच शहाणपण. एकही लस चुकवूं नये. न्यूमोकोकस जंतूवरील लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणांत मिळते. फ्लूची लस दरवर्षीं घेण्याविषयीं डॉक्टरांस विचारावें.

तिसरा फरक सर्वांत चमत्कारिक आहे. शरीरांत विषाणु शिरला म्हणजे पेशी इंटरफेरॉन नांवाचें द्रव्य सोडून इतर पेशींस इशारा देतात. हा इशारा ऐकणारे जे ग्राहक, त्यांच्या सहा जनुकांपैकीं चार २१ व्या गुणसूत्रावरच आहेत. त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असल्यामुळें या मुलांत तो इशारा वाजवीपेक्षां मोठ्यानें ऐकूं येतो. धोका नसतांही पहारा खवळलेला राहतो, व धडे अपुरे राहिलेले पहारेकरी गांवच्याच माणसांवर तुटून पडतात. म्हणजे येथें प्रतिकारशक्ति केवळ दुबळी नाहीं. ती कांहीं बाबतींत दुबळी आणि कांहीं बाबतींत अनावर आहे. यामुळेंच या मुलांत थायरॉइड ग्रंथीचे विकार, बालवयांतील मधुमेह, डोक्यास चाई पडणें आणि गहूं न सोसणें हीं दुखणीं अधिक आढळतात. थायरॉइड मंद झाली म्हणजे मूल सुस्त होतें, वाढ खुंटते. आणि घरचीं माणसें ‘तें तसेंच आहे’ म्हणून स्वस्थ बसतात. वास्तविक साध्या रक्तपरीक्षेनें हा विकार कळतो व गोळीनें आटोक्यांत राहतो. ही परीक्षा जन्मतः, ६ व्या व १२ व्या महिन्यांत आणि पुढें दरवर्षीं करावी.

हरिहरेश्वरासारख्या गांवाहून मुंबईचें मोठें इस्पितळ गांठावयास अर्धा दिवस मोडतो. म्हणून धोक्याचीं चिन्हें पालकांनीं पाठ करून ठेवावीं. मूल स्वस्थ असतांना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आंतील बालकाचे ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास भरले, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें. श्वास घेतांना बरगड्यांखालीं छाती आंत ओढली जात असेल, ओंठ निळसर दिसत असतील किंवा मूल दूध घेत नसेल, तर रात्र असली तरी थांबूं नये. दीर्घकाळ ताप, फिकटपणा व त्वचेखालीं रक्ताचे डाग दिसल्यास रक्त तपासून घ्यावें. कारण रक्ताचा कर्करोग क्वचित् होत असला तरी या मुलांत तो इतरांहून अधिक आढळतो. घरांत आईचें दूध, हात धुण्याची संवय आणि धूरविरहित खोली हीं मोठीं औषधें होत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं आपल्याच राज्यांत पालघर येथें सुरू झाला. त्यांत अंगणवाड्या व सरकारी शाळा यांतील मुलांची तपासणी होते, आणि जन्मजात दोषांच्या यादींत डाउन सिंड्रोमचा समावेश आहे. त्याचा लाभ अवश्य घ्यावा.

या काळजीचें फळ केवढें आहे पाहा. १९२९ च्या सुमारास इंग्लंडांत अशा मुलांचें सरासरी आयुष्य अवघें ९ वर्षें होतें. आज पुढारलेल्या देशांत तें सुमारें ६० वर्षें आहे. जंतुनाशक औषधें, लसी व हृदयावरील शस्त्रक्रिया यांचाच हा मुख्यतः परिणाम होय. पुण्याच्या गौरी गाडगीळ डाउन सिंड्रोम असतां जलतरणपटु झाल्या. त्यांच्या जीवनावर आधारलेला ‘यलो’ हा मराठी चित्रपट २०१४ सालीं निघाला, व त्यांत त्यांनीं स्वतः भूमिका केली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांत किंवा आळींत असें एखादें मूल असेल तर त्यास खेळांत घ्या, त्याच्याशीं सावकाश बोला. आणि तुम्हांस खोकला झाला असेल तेव्हां मात्र तोंडावर रुमाल धरून थोडे दूर राहा. त्याचे पहारेकरी थोडे आहेत. तुम्हीं एवढें केलें तर त्यांस तुमची मोठीच मदत होईल.