पार्किंगला पैसे का द्यायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग लिहून काढलाय. बोलताना मधे मधे जे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' आले ते गाळलेत, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात घरापासून करते. मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता काढायला एका शनिवारी संध्याकाळी आई आणि आजीला घेऊन लक्ष्मी रोडला गेले. मामाचं कापडाचं दुकान तिथेच आहे. आजीला फार चालवत नाही, म्हणून गाडी काढली. आणि मग प्रदक्षिणा सुरू! लक्ष्मी रोड, कुमठेकर रस्त्याने वळसा, परत लक्ष्मी रोड. अशा चार चकरा झाल्या. शेवटी दुकानासमोर दोघींना उतरवलं, तर मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ. गाडी मंडईजवळच्या वाहनतळावर लावून मी चालत दुकानात पोचले, तोवर दोन शालू निवडूनही झाले होते.

मी सहज म्हटलं, "मामा, इथे रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायला हवेत."

मामा उखडलाच. "अगं, आधीच निम्मं गिऱ्हाईक मोबाइलवर खरेदी करतंय. त्यात पावती फाडायला लावलीस तर मी काय शटर ओढून घरी बसू?"

मामाची भीती खोटी नाही. २०१८ साली पुणे महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं तेव्हाही शहरात भरपूर विरोध झाला होता. म्हणून म्हटलं, हा विषय नीट वाचून मगच बोलूया.

मीटर मागितलं कोणी?

पहिली गंमत इथेच आहे. जगातलं पहिलं पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत बसलं. दर होता तासाला ५ सेंट. आणि त्यामागे कोण होतं, तर तिथली व्यापाऱ्यांची संघटना! त्यांची तक्रार अशी की बाजारपेठेत काम करणारे लोक सकाळी येऊन गाड्या लावतात, त्या संध्याकाळपर्यंत हलत नाहीत आणि गिऱ्हाइकाला जागाच मिळत नाही. म्हणजे गिऱ्हाईक यावं म्हणून व्यापाऱ्यांनीच मीटर आणलं.

रस्ता शंभर टक्के भरला तर?

माझं काम दिवसभर सर्व्हरवरचा लोड बघण्याचं. तिथे आम्ही एक गोष्ट लवकर शिकतो: सर्व्हर पूर्ण भरेपर्यंत वापरायचा नसतो. सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्याच्या पुढे मात्र थोडासा लोड वाढला तरी रांग एकदम फुगते.

रस्त्याचंही तसंच आहे. समजा एका पट्ट्यात वीस गाड्यांची जागा आहे. सतरा लागल्या असतील तर येणारा सरळ येतो, लावतो, उतरतो. वीसच्या वीस भरल्या असतील तर एकविसावा माणूस चकरा मारतो. तो गिऱ्हाईक असूनही त्या वेळी नुसती वाहतूक असतो. त्याच्या मागे पीएमपीची बस अडकली, तर तिच्यातले पन्नास लोक त्याच्या पार्किंगची किंमत आपल्या वेळेने भरतात. फुकट पार्किंग फुकट नसतं, ते असं.

अमेरिकेतले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी हयातभर याच विषयावर काम केलं. २००५ मध्ये त्यांचं फुकट पार्किंगच्या किमतीवरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यांचा नियम साधा आहे: प्रत्येक पट्ट्यात एक-दोन जागा कायम रिकाम्या राहतील इतका दर ठेवा. त्याहून जास्त नको आणि कमीही नको. अंदाजे ८५ टक्के जागा भरलेल्या असल्या की दर बरोबर आहे असं समजायचं.

सॅन फ्रान्सिस्कोचा प्रयोग

पण हा दर ठरवायचा कसा? सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये 'एसएफपार्क' नावाचा प्रयोग सुरू केला. डाउनटाउनसह सात भागांतल्या सुमारे ७,००० मीटरच्या जागा आणि शहराच्या मालकीची बरीचशी वाहनतळं त्यात होती. रस्त्यात सेन्सर बसवले, म्हणजे कुठली जागा किती वेळ भरलेली आहे ते कळायचं. दुपारी बारापर्यंत, बारा ते तीन आणि तीननंतर असे दिवसाचे तीन भाग केले. प्रत्येक पट्ट्याचा, प्रत्येक वेळेचा दर वेगळा.

नियम अगदी दोन ओळींच्या कोडसारखा. ८० टक्क्यांच्या वर जागा भरत असतील तर तासाचा दर २५ सेंटने वाढवा. ६० ते ८० असेल तर हात लावू नका. ६० च्या खाली गेलं तर २५ सेंटने कमी करा, ३० च्याही खाली असेल तर ५० सेंटने. काही आठवडे थांबायचं, परत मोजायचं, परत बदलायचं. आपल्या गिझरचा थर्मोस्टॅट चालतो तसंच.

मला वाटलं होतं, दर भरमसाट वाढले असणार. झालं उलटंच. २०१४ च्या मूल्यमापन अहवालानुसार मीटरचा सरासरी दर तासाला २.६९ डॉलरवरून २.५८ वर आला! गर्दीच्या पट्ट्यात तो वाढला, पण शेजारच्या ओस गल्लीत आणि वाहनतळात घटला. ज्याला घाई आहे तो जवळ लावतो, ज्याला दोन मिनिटं चालायला चालतं तो पैसे वाचवतो. जागा शोधायचा वेळ प्रयोगाच्या भागात ४३ टक्क्यांनी कमी झाला. जिथे प्रयोग नव्हता अशा तुलनेच्या भागात तो १३ टक्केच कमी झाला होता. २०१३ च्या शेवटी सेन्सर बंद केले, तरी मीटरवर जमा होणाऱ्या पैशांवरून गर्दीचा अंदाज बांधून पद्धत चालू राहिली. २०१८ मध्ये ती शहरभर लागू झाली.

पैसे जातात कुठे?

मामाचा खरा राग दरावर नव्हताच. "पैसे घेतील, आणि माझ्या दारातला फुटपाथ तसाच फुटका राहील," हे त्याचं वाक्य होतं. त्यालाही उत्तर आहे. लॉस एंजेलिसजवळच्या पासाडेना शहरात जुन्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांचा मीटरला असाच विरोध होता. शेवटी तोडगा निघाला तो असा, की मीटरचं उत्पन्न त्याच बाजारपेठेवर खर्च करायचं. १९९३ मध्ये मीटर बसली आणि त्या पैशातून फुटपाथ, दिवे, मागच्या गल्ल्या दुरुस्त झाल्या. पडीक म्हणून ओळखला जाणारा तो भाग पुन्हा माणसांनी भरला.

आपल्याकडे जमेल?

जसंच्या तसं नाही. आपल्याकडे दुचाकी जास्त. एका कारच्या जागेत चार-पाच मावतात, त्यामुळे दरही जागेच्या हिशोबाने हवा. आजीसारख्यांसाठी दुकानासमोर पाच मिनिटं थांबून उतरवायची सोय हवी. आणि नियम मोडला तर चलन फाटेल याची खात्री हवी, नाहीतर दराची पाटी म्हणजे नुसती शोभा. पैसे भरणारा एकटा मूर्ख ठरला की पद्धत संपली.

हे सगळं मामाला सांगितलं, तर तो म्हणाला, "पुस्तकातलं ठीक आहे गं." मग मी त्याला बाहेर घेऊन गेले. दुकानासमोर अकरा दुचाकी होत्या. मी विचारलं, "यातल्या ओळखीच्या किती?" मामाने बोटाने मोजायला सुरुवात केली. एक त्याची, दोन सेल्समनच्या, दोन शेजारच्या सराफाकडच्या, एक वरच्या मजल्यावरच्या टायपिंगवाल्यांची. सकाळपासून तिथेच. अकरापैकी सहा!

थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण पैसे याच रस्त्याला लागणार असतील तरच हं." मामा एवढं बोलला हे आमच्या घरात मोठं आहे.

तर मंडळी, तुम्हालाही एक गृहपाठ. तुमच्या जवळच्या बाजारातला एक पट्टा निवडा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेकदा जाऊन किती जागा रिकाम्या आहेत आणि सकाळच्या किती गाड्या संध्याकाळी तिथेच आहेत, एवढंच मोजा. काय निघतं ते मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. आणि हो, मोजायला जाताना गाडी नेऊ नका!