गजकर्णाचे कडे

श्रावणाची झड लागली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या शाळांत एखाद्या मुलाच्या मानेवर किंवा पोटावर लालसर, खाजणारे कडे दिसू लागते. हेच गजकर्ण किंवा नायटा.

ते गोलच का असते? गजकर्ण ही एक बुरशी आहे. त्वचेचा वरचा मृत थर, केस व नखे यांतील केराटिन हे प्रथिन तिचे अन्न. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग जसे चहूकडे सारखे पसरतात, तशी ती एका बिंदूपासून बाहेर सरकते. मध्यभागी शरीराच्या प्रतिकाराने त्वचा निवळते. कड मात्र धुमसत राहते. म्हणजे मधला भाग बरा दिसतो, तेव्हाही रोग वाढतच असतो!

पावसाळ्यात हवा बाष्पाने भरलेली असल्याने घाम लवकर वाळत नाही. अंगावरचा ओलावा बुरशीला मानवतो. म्हणून अंग कोरडे ठेवणे हा पहिला उपाय. टॉवेल, कंगवा वेगळा ठेवावा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. क्लोट्रिमॅझोलचे साधे मलम दिवसातून दोनदा, कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे. डाग गेल्यावरही निदान आठवडाभर ते चालू ठेवावे, कारण न दिसणारी बुरशी मागे उरलेली असते. डोक्यात गजकर्ण असेल तर मलम केसांच्या मुळांपर्यंत पोचत नाही. डॉक्टरांकडून पोटात घ्यायचे औषधच लागते.

आपल्याकडे तरोट्याचा पाला चोळतात. संस्कृतात त्याला दद्रुघ्न, म्हणजे नायटा मारणारा, म्हणतात. परंतु पाल्यात औषधी द्रव्य किती, याचे माप कोणी घेतलेले नसते, आणि चोळल्याने त्वचा सोलवटते.

स्टिरॉइड मिसळलेले मलम त्याहून घातक. खाज दोन दिवसांत थांबते, पण शरीराचा पहारेकरीच झोपतो आणि बुरशी मोकाट पसरते. अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने 2018 साली केला तो यामुळेच.

आणखी एक गोष्ट. आपले हे जिल्हे कुष्ठरोगाचेही. बाबा आमट्यांचे आनंदवन वरोऱ्याजवळच आहे. चट्टा फिकट किंवा लालसर असून खाजत नसेल, तर मुलाला डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाची वात हलकेच टेकवा. स्पर्श कळला नाही, तर मलम लावत बसू नका. स्पर्श कळला तरी, शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. कुष्ठरोगाचे औषध तेथे मोफत मिळते, आणि वेळेवर घेतले तर बोटे वाकडी होण्याचे टळते.