विद्यार्थ्यांचा उपग्रह आणि साठ वर्षांचे कोडे

पृथ्वीभोवती किरणोत्सर्गाचे पट्टे आहेत, हे जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५८ साली दाखवून दिले. पण उपग्रहांची उपकरणे बिघडवू शकणारे इलेक्ट्रॉन आतल्या पट्ट्याच्या काठाशी येतात कुठून, हे जवळजवळ साठ वर्षे सिद्ध होत नव्हते. ते झाले कोलोराडो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी बांधलेल्या, पावाच्या लादीएवढ्या ‘सीएसएसडब्ल्यूई’ उपग्रहामुळे! विश्वकिरण वातावरणावर आदळले की न्यूट्रॉन उसळतात. विद्युतभार नसल्याने चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवत नाही. मात्र वाटेत न्यूट्रॉनचा क्षय झाला, की त्यातून निघालेला इलेक्ट्रॉन तिथेच अडकतो. तर्क जुनाच, पुरावा २०१७ साली ‘नेचर’मध्ये छापून आला. २०१२ मध्ये काही महिन्यांच्याच कामासाठी सोडलेला तो उपग्रह तोवर केव्हाच मुका झाला होता.