मेंदूचा देशी नकाशा

गज परक्या मापाचा असला, की धडधाकट माणूसही खुजा ठरतो. मेंदूच्या चित्रणात हीच भीती असते. १९८८ साली तालेराख व तूर्नू यांनी प्रसिद्ध केलेला नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मरणोत्तर मेंदूवरून काढलेला होता. पुढचा नमुना माँट्रियलमधील १५२ निरोगी तरुणांचा. २०१९ साली हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने शंभर निरोगी भारतीय तरुण-तरुणींची चुंबकीय चित्रे एकमेकांशी जुळवून, त्यांची सरासरी काढून देशी नमुना सिद्ध केला. त्यात भारतीय मेंदू सरासरीने आकाराने लहान आढळला. लहान म्हणजे उणा नव्हे! परंतु परक्या नमुन्याशी ताडल्यास हा स्वाभाविक आकारच स्मृतिभ्रंशातील झीज भासू शकतो. निरोग्याच्या माथी रोग मारला जाऊ नये, यासाठीच हा खटाटोप.